कृत्रिम श्वसनाकडून स्वयंश्वसनाकडे : अत्यवस्थ रुग्णाची व्हेंटिलेटरमुक्ती

सारांश

अत्यवस्थ रुग्णाचा श्वास यंत्राच्या साहाय्याने चालू ठेवणे ही विसाव्या शतकातील वैद्यकाची मोठी उपलब्धी होय. तथापि यंत्र लावण्याइतकेच ते योग्य वेळी काढणेही महत्त्वाचे असते. यंत्र लवकर काढल्यास रुग्णाचा जीव धोक्यात येतो आणि उशिरा काढल्यास जंतुसंसर्ग, स्नायूंची दुर्बलता व इतर गुंतागुंती वाढतात. प्रस्तुत लेखात व्हेंटिलेटरमुक्तीची संकल्पना, तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी, शरीरक्रियात्मक आधार, स्वयंश्वसन चाचणीची पद्धती, अपयशाची कारणे आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी होणारा संवाद यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : कृत्रिम श्वसन, व्हेंटिलेटर, स्वयंश्वसन चाचणी, श्वासपटल, अतिदक्षता विभाग.

१. प्रस्तावना

२०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीमुळे 'व्हेंटिलेटर' हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. यंत्रे किती आहेत, किती हवीत, कोठे रिकामी आहेत, हीच चर्चा सर्वत्र होती. २०२० मध्ये केंद्र शासनाने पीएम केअर्स निधीतून ५०,००० स्वदेशी व्हेंटिलेटरांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. या सर्व चर्चेत एक प्रश्न मात्र मागे राहिला. यंत्रावर ठेवलेला रुग्ण यंत्रावरून खाली कसा येतो?

सर्वसामान्य समजुतीनुसार व्हेंटिलेटर हा रोग बरा करणारा उपचार आहे. वास्तविक तो उपचार नव्हे, आधार आहे. न्यूमोनिया बरा होतो तो प्रतिजैविकांनी व शरीराच्या प्रतिकारशक्तीने. यंत्र तोवर रुग्णाला जगवते. मोडलेल्या पायाला कुबडी जसा आधार देते, तसाच हा आधार. हाड जुळले की कुबडी टाकावी लागते; न टाकल्यास पायाचे स्नायू क्षीण होतात. श्वसनाच्या स्नायूंबाबतही हेच घडते, आणि ते पायापेक्षा पुष्कळ वेगाने घडते.

२. संकल्पना व शब्दाचा अर्थ

व्हेंटिलेटर काढण्याच्या प्रक्रियेला वैद्यकीय परिभाषेत 'वीनिंग' म्हणतात. हा शब्द मुळात तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध सोडवण्याच्या क्रियेसाठी वापरला जातो. आई एकेक वेळचे दूध कमी करत जाते आणि मूल हळूहळू वरच्या अन्नावर येते. हीच कल्पना यंत्राला लावली गेली. यंत्राचा आधार रोज थोडा थोडा कमी करत न्यावा, म्हणजे रुग्णाला स्वतःच्या श्वासाची 'सवय' होईल, असे मानले जात असे.

ही उपमा आकर्षक असली तरी तिने काही काळ चिकित्सकांची दिशाभूल केली. ज्याचा मूळ आजार आटोक्यात आला आहे अशा बहुतेक रुग्णांना सवयीची गरजच नसते. ते श्वास घेण्यास समर्थ झालेले असतात आणि ही गोष्ट कोणीतरी वेळेवर तपासून पाहण्याची गरज असते. म्हणूनच अलीकडे अनेक तज्ज्ञ 'मुक्ती' या अर्थाचा शब्द अधिक पसंत करतात. शब्दातील हा बदल केवळ भाषिक नाही. 'सोडवणे' म्हटले की दिरंगाई स्वाभाविक वाटते. 'मुक्ती' म्हटले की प्रत्येक अनावश्यक दिवसाचा हिशेब द्यावा लागतो.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९२८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप ड्रिंकर व लुई अगासी शॉ यांनी लोखंडी फुप्फुस तयार केले. रुग्णाचे मानेखालील सर्व शरीर एका नळकांड्यात ठेवून आतील हवेचा दाब कमीजास्त केला जाई. दाब कमी झाला की छाती फुगे व हवा आत जाई. पोलिओमुळे श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या अनेकांना या यंत्राने जगवले.

१९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात लोखंडी फुप्फुस एकच होते आणि छातीवर बसवण्याची सहा साधी यंत्रे होती. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी वेगळा मार्ग सुचवला. गळ्यावर छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची, असा तो मार्ग होता. या कामासाठी सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले. मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून पुढे सुमारे २५ टक्क्यांपर्यंत उतरले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम या घटनेत मानला जातो.

हातातील पिशवीची जागा पुढे विद्युत यंत्रांनी घेतली आणि कामात अचूकता आली. परंतु पिशवी दाबणाऱ्या विद्यार्थ्याच्या बोटांना रुग्णाचा क्षीणसा स्वतःचा प्रयत्नही जाणवत असे. यंत्राला तो जाणवावा यासाठी पुढील काही दशके तंत्रज्ञांना खपावे लागले. १९७३ मध्ये अधूनमधून सक्तीचा श्वास देणारी आणि मधल्या काळात रुग्णाला स्वतः श्वास घेऊ देणारी पद्धत वीनिंगसाठी मांडली गेली. १९८० च्या दशकात रुग्णाच्या प्रत्येक प्रयत्नाला दाबाचे पाठबळ देणारी पद्धत प्रचलित झाली. यांपैकी कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद १९९० च्या दशकापर्यंत चालू राहिला.

४. शरीरक्रियात्मक आधार : भार व क्षमता

निरोगी माणूस शांतपणे श्वास घेतो तेव्हा छाती व पोट यांमधील श्वासपटल हा घुमटाकार स्नायू खाली सरकतो, छातीच्या पोकळीत ऋण दाब निर्माण होतो आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर याच्या उलट करतो. तो धन दाबाने हवा आत ढकलतो. यंत्र सर्व काम करू लागले की श्वासपटलाला काम उरत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूमृत घोषित झालेल्या व १८ ते ६९ तास यंत्रावर राहिलेल्या अवयवदात्यांच्या श्वासपटलातील स्नायुतंतू तपासले गेले. त्या तंतूंचे आकारमान तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. तीन दिवसही न भरता एवढी झीज झाली होती, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

रुग्ण यंत्राविना श्वास घेऊ शकेल की नाही, हे दोन गोष्टींच्या तोलावर ठरते. एका पारड्यात श्वसनाचा भार असतो. ताठरलेली फुप्फुसे, अरुंद झालेल्या श्वासवाहिन्या, साचलेला कफ, ताप यांमुळे तो वाढतो. दुसऱ्या पारड्यात स्नायूंची क्षमता असते. स्नायूंची झीज, कुपोषण, रक्तातील फॉस्फरस वा मॅग्नेशियमची कमतरता, गुंगीची औषधे यांमुळे ती घटते. भार क्षमतेपेक्षा जास्त झाला की रुग्ण एक विशिष्ट तडजोड करतो. तो भराभर पण उथळ श्वास घेऊ लागतो.

ही तडजोड किती महागात पडते हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. एक रुग्ण मिनिटाला २० श्वास घेतो व प्रत्येक श्वासात ४०० मिलिलीटर हवा आत घेतो. दुसरा ४० श्वास घेतो, पण प्रत्येकी २०० मिलिलीटरचेच. दोघेही मिनिटाला ८ लीटर हवा आत घेतात. परंतु प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलीटर हवा श्वासमार्गातच राहते व वायूंच्या देवाणघेवाणीच्या उपयोगी पडत नाही, असे धरले तर पहिल्याच्या वायुकोशांपर्यंत मिनिटाला ५ लीटर हवा पोहोचते आणि दुसऱ्याच्या केवळ २ लीटर. दुसरा रुग्ण दुप्पट वेगाने श्वास घेऊनही गुदमरत असतो.

१९९१ मध्ये यांग व टोबिन यांनी याच निरीक्षणावरून एक निर्देशांक मांडला. मिनिटातील श्वाससंख्येला लीटरमध्ये मोजलेल्या प्रत्येक श्वासाच्या हवेने भागावे. उत्तर १०५ पेक्षा कमी आल्यास यश संभवते, जास्त आल्यास अपयश संभवते. वरील उदाहरणात पहिल्याचा निर्देशांक ५० तर दुसऱ्याचा २०० येतो. अर्थात एकाच आकड्यावर विसंबणे योग्य नाही, हे पुढील अनुभवाने दाखवून दिले. निर्देशांक खरी चाचणी लांबणीवर टाकण्याचे निमित्त ठरू नये.

५. स्वयंश्वसन चाचणी

रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो की नाही हे जाणण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे त्याला देखरेखीखाली काही काळ स्वतः श्वास घेऊ देणे. यालाच स्वयंश्वसन चाचणी म्हणतात. तिच्यापूर्वी दररोज सकाळी काही बाबी तपासल्या जातात : मूळ आजार सुधारत आहे काय, हवेतील प्राणवायूचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत ठेवूनही रक्तातील प्राणवायू समाधानकारक राहतो काय, श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात राखलेला दाब ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याइतका पुरतो काय, रक्तदाब स्थिर आहे काय आणि रुग्ण स्वतः श्वासाचा प्रयत्न करतो काय.

उत्तरे अनुकूल असल्यास चाचणी घेतली जाते. तिच्या दोन प्रमुख रीती आहेत. एका रीतीत नळीला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची जोडनळी लावून केवळ प्राणवायू दिला जातो व यंत्र पूर्णतः वेगळे केले जाते. दुसऱ्या रीतीत रुग्ण यंत्रालाच जोडलेला राहतो, परंतु यंत्र ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याइतकेच दाबाचे पाठबळ देते. श्वाससंख्या ३५ च्या वर जाणे, रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ९० टक्क्यांखाली उतरणे, नाडी १४० च्या पुढे जाणे, वरचा रक्तदाब १८० च्या वर वा ९० च्या खाली जाणे, दरदरून घाम, अस्वस्थता वा मानेचे स्नायू ताणून श्वास घेणे ही अपयशाची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णाला पुन्हा पूर्ण आधारावर घेतात व कारणाचा शोध सुरू करतात.

या चाचणीमागील पुरावा क्रमाक्रमाने उभा राहिला. १९९५ मध्ये स्पेनमधील एस्टेबान व सहकाऱ्यांनी चार पद्धतींची तुलना केली. दिवसातून एकदा चाचणी घेतलेले रुग्ण, सक्तीच्या श्वासांची संख्या हळूहळू कमी केलेल्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेगाने यंत्रमुक्त झाले. हळूहळू सोडवण्याच्या कल्पनेला हा मोठा धक्का होता. १९९९ मध्ये याच गटाने ३० मिनिटांची चाचणी १२० मिनिटांच्या चाचणीइतकीच उपयुक्त असल्याचे दाखवले. २०१९ मध्ये १,१५३ रुग्णांच्या अभ्यासात, ३० मिनिटांच्या दाबसाहाय्यित चाचणीनंतर ८२.३ टक्के, तर जोडनळीवरील दोन तासांच्या चाचणीनंतर ७४ टक्के रुग्ण यशस्वीपणे नळीमुक्त झाले. कठोर परीक्षा म्हणजे सुरक्षित परीक्षा, हे गृहीत या निष्कर्षापुढे टिकत नाही.

६. चिकित्सकाचा अंदाज व दैनंदिन शिस्त

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो. रुग्ण तयार आहे की नाही हे अनुभवी डॉक्टरला नुसते पाहून कळत नाही काय? उपलब्ध पुरावा सांगतो की पुष्कळदा कळत नाही. आणि चूक बहुधा एकाच दिशेने होते. रुग्णाची क्षमता असते त्याहून कमी लेखली जाते.

याचे एक प्रमाण अनपेक्षित घटनेतून मिळते. काही रुग्ण गोंधळलेल्या अवस्थेत स्वतःच नळी ओढून काढतात. अशांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना ती पुन्हा घालावी लागत नाही, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. दुसरे प्रमाण अमेरिकेतील दीर्घकालीन उपचार रुग्णालयातील आहे. यंत्र सुटत नाही म्हणून तेथे पाठवलेल्या ५०० रुग्णांची आरंभीच यंत्राविना श्वास घेण्याची चाचणी घेण्यात आली, तेव्हा जवळपास एक-तृतीयांश रुग्ण त्यातच उत्तीर्ण झाले. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यावरचा उपाय महागडा नाही. १९९६ मध्ये इली व सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटात रोजची तपासणी व चाचणी करून रुग्ण उत्तीर्ण झाल्याचे डॉक्टरांना कळवले जाई. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत होती. यंत्रावरील मध्यक काळ सहा दिवसांवरून साडेचार दिवसांवर आला आणि गुंतागुंतींचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. ठरलेला प्रश्न ठरलेल्या वेळी रोज विचारला गेला, एवढेच. हे काम परिचारिका व श्वसनोपचार तंत्रज्ञ उत्तम रीतीने करू शकतात, हेही यातून सिद्ध झाले.

गुंगीच्या औषधांबाबतही असाच बोध झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही औषधे रोज एकदा थांबवून रुग्णाला जागे केल्याने यंत्रावरील मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. २००८ मध्ये ३३६ रुग्णांच्या अभ्यासात जागे करणे व स्वयंश्वसन चाचणी यांची सांगड घातली गेली, तेव्हा वर्षभरानंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाणही वाढलेले दिसले.

७. अपयशाची कारणे

२००५ मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रुग्णांचे तीन गट मानले. पहिल्याच चाचणीत यशस्वी होणारे ते सुलभ. तीन चाचण्यांपर्यंत किंवा सात दिवसांपर्यंत वेळ लागणारे ते कठीण. त्याहून अधिक लागणारे ते प्रदीर्घ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० देशांतील ५,८६९ रुग्णांच्या निरीक्षणात ६५ टक्के रुग्ण ९० दिवसांच्या आत यंत्रमुक्त झाल्याची नोंद आहे.

चाचणी असफल झाल्यास तीच पुन्हा पुन्हा घेत राहणे व्यर्थ असते; कारण शोधावे लागते. फुप्फुसांच्या कारणाकडे लक्ष लगेच जाते, हृदयाचे कारण मात्र नजरेतून सुटू शकते. धन दाब काढून घेताच शरीरातील रक्त अधिक प्रमाणात हृदयाकडे परतते आणि डाव्या जवनिकेवरील भार वाढतो. दुर्बल हृदयाला तो न पेलल्यास फुप्फुसात पाणी साचते. अशा रुग्णाला फुप्फुसाच्या औषधांपेक्षा लघवीवाटे पाणी काढणारी औषधे उपयोगी पडतात. याखेरीज दीर्घ आजारात हातापायांच्या व श्वसनाच्या स्नायूंना येणारी दुर्बलता, भ्रम व झोपेचा अभाव हीदेखील कारणे असतात. २००९ च्या एका अभ्यासात यंत्रावर असतानाच लवकर व्यायाम व हालचाल सुरू केलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के, तर इतरांपैकी ३५ टक्के रुग्ण रुग्णालयातून जाताना स्वावलंबी होते.

८. यंत्र व नळी : दोन वेगळे प्रश्न

यंत्राची गरज संपली म्हणजे नळीची गरज संपलीच असे नाही. रुग्ण शुद्धीवर आहे काय, त्याला जोराने खोकता येते काय, कफ किती आहे व स्वरयंत्राजवळ सूज आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. नळीभोवतीचा फुगा रिकामा करून बाजूने हवा निसटते की नाही हे तपासल्यास सुजेचा अंदाज येतो. नियोजनपूर्वक नळी काढलेल्या रुग्णांपैकी साधारणतः १० ते २० टक्के रुग्णांना ती पुन्हा घालावी लागते आणि अशांचा मृत्युदर अधिक असतो. जोखीम जास्त असलेल्यांना, विशेषतः दीर्घकालीन श्वासविकार असलेल्यांना, नळी काढताच मुखवट्याद्वारे श्वसनसाहाय्य दिल्यास लाभ होतो. पुन्हा नळी घालण्याचे प्रमाण अगदी शून्यावर आणण्याचा हट्ट धरणे मात्र योग्य नव्हे. तसे झाल्यास अनेक तयार रुग्ण निष्कारण यंत्रावर राहिले असा त्याचा अर्थ होतो.

प्रदीर्घ काळ लागणार असल्यास गळ्यावर छेद घेऊन नळी बसवतात. ती कधी बसवावी यासंबंधी २०१३ मध्ये ब्रिटनमधील ९०९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या चार दिवसांत छेद घेणे व दहा दिवसांनंतर गरजेनुसार घेणे यांत मृत्युदराचा लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र थांबलेल्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना छेदाची गरजच पडली नाही.

९. नातेवाइकांशी संवाद

मराठीत 'व्हेंटिलेटर काढला' हे वाक्य दोन परस्परविरुद्ध अर्थांनी वापरले जाते. एका अर्थाने रुग्ण सुधारला. दुसऱ्या अर्थाने आशा संपली. सकाळी डॉक्टरांनी "आज यंत्र काढून पाहू" असे म्हटले आणि नातेवाइकांनी दुसरा अर्थ घेतला, तर तो दिवस त्या कुटुंबावर कसा जाईल याची कल्पना करता येते. बरे होण्याची शक्यता उरली नसताना जीवरक्षक उपचार थांबवणे हा सर्वस्वी वेगळा निर्णय आहे. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात कार्यपद्धती घालून दिली व जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ केली. स्वयंश्वसन चाचणीचा त्याच्याशी संबंध नाही. ही चाचणी आहे, ती असफल झाल्यास आधार लगेच परत दिला जाईल आणि एका दिवसाचे अपयश हे अंतिम नसते, या तीन गोष्टी आधीच सांगितल्यास बरीच भीती ओसरते.

रुग्णालाही हे सांगणे तितकेच आवश्यक आहे. नळीमुळे तो बोलू शकत नाही, पण ऐकू शकतो. काय होणार आहे हे त्याला त्याच्या भाषेत सांगणे, पाटी वा अक्षरफलक हाती देणे आणि ओळखीचा आवाज जवळ असणे हे यंत्रमुक्तीच्या उपचाराचेच अंग मानले पाहिजे.

१०. समारोप

व्हेंटिलेटरमुक्तीच्या अभ्यासातून दिसणारे तत्त्व वैद्यकापुरते मर्यादित नाही. आधार देणाऱ्याला आधार काढून घेण्याची भीती वाटते. ती भीती रुग्णाच्या हिताची वाटते, परंतु पुष्कळदा तीच त्याला दुर्बल करते. त्यावरचा उपाय धाडस हा नव्हे, तर रोजची पद्धतशीर चाचणी हा आहे. अतिदक्षता खाटा व प्रशिक्षित मनुष्यबळ मर्यादित असलेल्या आपल्या देशात या शिस्तीचे मोल अधिकच वाढते. कारण एका रुग्णाचे यंत्रावरील दोन अनावश्यक दिवस हे दाराशी थांबलेल्या दुसऱ्या रुग्णाचे दोन दिवस असतात. कोपनहेगनमधील विद्यार्थी रुग्णाच्या उशाशी तासन्‌तास बसून त्याचा श्वास जोखत होते. यंत्रे कितीही प्रगत झाली तरी रुग्णाजवळ उभे राहून "आज याला स्वतःहून श्वास घेता येईल काय?" हा प्रश्न दररोज विचारण्याचे काम माणसांकडेच राहिले आहे.